उरलेला चुना

आमच्या गावात ईस्टरच्या आदल्या आठवड्यात एका जागी फार वेळ बसू नये, नाहीतर अनेझिना चुना फासून जाते. गंमत नाही सांगत. फादर निकिफोरोसांच्या अंगणात एक म्हातारं कासव आहे, त्याची पाठ एका बाजूने अजून पांढरी आहे. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की ते भिंतीला टेकून झोपलं होतं.

तसा चुना त्या आठवड्यात बेटावरची प्रत्येक बाई फासते. उपास कडक असतात, पोटात पाव आणि ऑलिव्ह सोडून काही नसतं, आणि तो सगळा राग भिंतींवर निघतो. घर, अंगण, पायऱ्यांच्या कडा, फुलझाडांचे डबे, झाडांचे बुंधे. अंडी लाल रंगवायला घ्यायच्या आत गाव पांढरं झालंच पाहिजे. पण बाकीच्या बायका भिंत संपली की कुंचा धुऊन उलटा टांगतात. अनेझिनाची भिंत संपत नाही. स्वतःचं घर संपलं की शेजारच्या विहिरीचा कठडा, तो संपला की पाण्याच्या टाकीचा कोपरा, मग पडक्या पवनचक्कीच्या दाराची चौकट. ‘का गं बाई?’ म्हणून विचारलं तर उत्तर एकच, ‘चुना उरला होता.’

मी तिला जन्मापासून ओळखतो. तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत, आणि तीही तिनेच पांढरी केलेली. शाळेत ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची आणि वेणी ओढली की मागे न बघता थोबाडीत मारायची, नेम कधी चुकला नाही. बाई अंगाने काटकुळी, डोक्याला काळा रुमाल, पायात नवऱ्याचे जुने बूट. आणि हात असे, की बघवत नाहीत. चुन्याने बोटं खाऊन टाकली आहेत, पेरापेराला चिरा. मासे साफ करताना मीठ लागलं की ती अशा शिव्या हासडते की पाद्री रस्ता बदलतात.

माझं धक्क्यावर कॉफीचं दुकान आहे. दारात तुतीचं झाड, झाडाखाली चार टेबलं, टेबलांवर सोंगट्या आणि सोंगट्यांवर भांडणं. एका वर्षी सकाळी दुकान उघडतो तो काय, तुतीचा अख्खा बुंधा पांढरा. बुंध्याला चुना सगळेच देतात, मुंग्या चढत नाहीत. पण ही बया फांद्या फुटतात तिथवर गेली होती. शिडी लावून!

‘अनेझिना, माझं झाड आहे की नवरी?’ मी ओरडलो.

‘ओरडू नकोस, माथ्या. चुना उरला होता.’

‘तुझ्याकडे दरवर्षी उरतो कसा? कमी भिजव की!’

‘माझा चुना, माझा कुंचा. तू कॉफीत पाणी घालतोस तेव्हा मी बोलते का?’

चार टेबलांवरची चौदा माणसं हसली. मी रिकामे पेले गोळा करायला लागलो, कारण बोलण्यात तिच्या नादी लागण्यात अर्थ नाही. पण पुढच्या वर्षी तिने झाडाखालचा दगडी बाकही पांढरा केला, आणि ज्याने सुकायच्या आत त्यावर बूड टेकलं तो मीच होतो.

तिचा नवरा लिनार्दोस. उंच, ताठ, मिशा अशा की त्यांवर दोन चिमण्या बसाव्यात. आमच्या बेटावरचा सगळ्यात जुना मासेमार आणि त्याहून जुना टवाळ. त्याची होडी आठवडा आठवडा बाहेर असते. आमच्या बंदरात येणं सोपं नाही. तोंडाशीच पाण्याखाली एक खडक आहे, त्याला आम्ही ‘सासू’ म्हणतो. दिसत नाही, पण असते, आणि चुकलात की पोट फाडते. तिला चुकवायची रीत आमच्या बापजाद्यांपासून एकच. पुढे धक्क्याजवळची पवनचक्की, मागे डोंगरावर संत पेलागियाचं पांढरं चर्च. चर्च बरोबर चक्कीच्या डोक्यावर आलं की सरळ आत यायचं. चर्च जरा इकडे सरकलं, जरा तिकडे सरकलं, तर सासूबाईंची गाठ. म्हणूनच ते चर्च पांढरं राखायचं, आणि पिढ्यान् पिढ्या ते काम अनेझिनाच्या घराण्यातल्या बायकांकडे.

लिनार्दोसच्या टवाळीचे किस्से आमच्याकडे अजून सांगतात. एकदा भर चौकात फादर निकिफोरोसांचा काळा बोकड उभा होता, त्यांच्यासारखाच दाढीवाला, गंभीर. लिनार्दोस थांबला, टोपी काढली, वाकला आणि म्हणाला, ‘आशीर्वाद द्या, फादर.’ अख्खा चौक हसून लोळला. फादरसुद्धा हसले, जरा उशिराने. मी इतका हसलो की हातातला ट्रे पडला. दुसऱ्या एका वर्षी त्याने होडी रंगवली ती एका बाजूने निळी आणि दुसऱ्या बाजूने हिरवी. विचारलं तर म्हणतो, ‘जाताना वेगळी दिसावी, येताना वेगळी. माशांना वाटतं दोन होड्या आहेत.’ वा! असा माणूस. फक्त अनेझिना तेव्हा हसली नव्हती. तिला विनोद कळत नाही, असं आम्ही ठरवून टाकलं.

मग थेआनो आली.

थेआनोबाई अथेन्सच्या. पुराणवस्तूंच्या खात्यातल्या, वयाने तरुण, डोक्यावर गवताची हॅट आणि आवाज शाळेच्या घंटेसारखा. संत पेलागियाच्या चर्चखालच्या उतारावर त्यांनी खणायला घेतलं आणि महिन्याभरात जाहीर केलं की इथे डिमीटर देवीचं देवस्थान होतं, येशूच्याही आधीचं. आम्हाला आधी खरं वाटेना. तिथे आम्ही लहानपणी शेळ्या चारल्या होत्या, देवी कुठे दिसली नव्हती. पण मग मातीची डुकरं निघायला लागली. बोटाएवढी, वीतभर, कानवाली, बिनकानाची, एक तर चक्क हसरं. टोपल्याच्या टोपल्या. देवीला खरं डुक्कर परवडलं नाही की बायका मातीचं वाहायच्या, असं थेआनोबाईंनी सांगितलं. फादर निकिफोरोस हे ऐकून म्हणाले, ‘म्हणजे तेव्हाही भक्त चिकटच होते.’

डुकरांनंतर निघाली वेदी. चर्चच्या बरोबर खाली, समुद्राकडे तोंड करून, लांबच लांब करडी दगडी वेदी, पुढे तीन पायऱ्या. थेआनोबाई तिच्यावरून असा हात फिरवायच्या, जसा आई तापल्या पोराच्या कपाळावरून फिरवते. सगळं ठीक चाललं होतं. पण मग त्यांचं लक्ष वर चर्चकडे गेलं. समुद्राकडच्या भिंतीतले दगड त्यांना ओळखीचे वाटले. जुन्या देवळाचेच असणार, चुन्याखाली अक्षरं असणार. झालं! ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात, लिनार्दोसची होडी डागडुजीसाठी किनाऱ्यावर ओढलेली असताना, बाईंनी ती भिंत खरवडायला घेतली.

थरावर थर निघत होते, कांद्यासारखे. संध्याकाळी थेआनोबाई माझ्याकडे कॉफी प्यायला आल्या, केसांत चुना, नाकावर चुना.

‘माथिओस,’ त्या म्हणाल्या, ‘मला एक सांगा. आतले सगळे थर पातळ आहेत, वर्षाला एक. पण वरचे काही थर असे जाड, की पावाची साल. वर्षातून तीन-तीनदा दिलेले. काही वर्षांपूर्वी तुमच्या गावात काय झालं होतं? साथ? भूकंप? कुणी मोठा माणूस आला होता?’

‘अनेझिनाच्या डोक्यात भुंगा शिरला होता,’ मी म्हणालो.

अनेझिना तिथेच होती, बाकाच्या कडेला चुन्याचा हात देत. थेआनोबाईंनी तिला विचारलं, तर ठरलेलं उत्तर आलं. मग बाईंनी हुकूम सोडला.

‘अनेझिनाबाई, आता चर्चला चुना बंद. एक थेंबही नाही. ही भिंत आता अशीच राहील.’

‘करडी?’

‘दगडाचा रंग तोच आहे.’

‘अशी तर ती डोंगरात दिसायचीसुद्धा नाही, पोरी.’

‘जवळ गेल्यावर दिसेल ना.’

अनेझिना पुन्हा बाकाकडे वळली आणि कुंचा फिरवायला लागली. मला वाटलं, अथेन्सच्या बाईने बरी जिरवली. मी थेआनोबाईंना दुसरी कॉफी फुकट दिली.

ईस्टरसाठी थेआनोबाई घरी अथेन्सला गेल्या. इकडे पवित्र आठवडा सुरू झाला, चुना भिजला, गाव पांढरं झालं. शनिवारी मध्यरात्री घंटा झाल्या, ‘ख्रिस्त उठला’ झालं, अंड्यांवर अंडी फुटली, कोकरं भाजली गेली. कुणी डोंगराकडे मान वर करून बघितलं नाही; जेवताना कोण बघतो? सोमवारी लिनार्दोसने होडी पाण्यात लोटली आणि मासेमारीला गेला. आठवड्यानंतर बोटीतून थेआनोबाई उतरल्या, आणि त्यांच्यासोबत त्यांचे वरिष्ठ, क्लादास साहेब. खणकाम पुढे चालवायचं की नाही, हे ठरवायला आलेले. साहेब वर चढले ते धापा टाकत, आणि मी त्यांच्यामागे कॉफीचा ट्रे घेऊन, कारण सरकारी माणूस वर पोचेपर्यंत त्याला तलफ येतेच.

पहिली किंकाळी थेआनोबाईंची.

वेदी पांढरी होती. अशी पांढरी, की उन्हात डोळे दिपले. वेदी, तिन्ही पायऱ्या, बाजूचा बांध, कडेचे पडलेले खांबांचे तुकडे, सगळं. दोन हजारांहून जास्त वर्षं मातीखाली शांत झोपलेली देवी, आणि अनेझिनाने तिला ईस्टरसाठी आंघोळ घालून नटवली होती. चर्च तेवढं करडं उभं होतं, अगदी सोवळं.

‘हे काय केलंत?’ थेआनोबाईंचा आवाज चिरकला. ‘अनेझिनाबाई, हे काय केलंत तुम्ही?’

अनेझिना चर्चच्या पायरीवर बसली होती. ‘तू म्हणालीस चर्चला नको. चर्चला एक थेंब लागला असेल तर हे हात झडोत.’

‘पण ही वेदी! हिला हात लावायचा नाही, हे सांगायला हवं होतं का?’

‘सांगायला हवं होतं,’ अनेझिना शांतपणे म्हणाली. ‘पाहुणे येणार, आणि देवीची जागा मळकी? चुना उरला होता.’

क्लादास साहेबांनी खिशातून रुमाल काढून टक्कल पुसलं. ‘थेआनो,’ ते म्हणाले, ‘तुझ्या पत्रात तर वेदी करड्या दगडाची आहे म्हणून लिहिलं होतंस.’

मी हसू दाबायला कॉफीचा पेला पुढे केला. थेआनोबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगतो, अनेझिनाचा रागही आला. वेड असावं, पण त्याला कुंपण असावं.

चुना अजून पुरता मुरला नव्हता, हेच नशीब. खणणारी माणसं, थेआनोबाई स्वतः, सगळे बादल्या आणि मऊ ब्रश घेऊन वेदीला लागले. दुपारपर्यंत पायऱ्या करड्या झाल्या, मग वेदी. साहेब सावलीसाठी ताणलेल्या मोठ्या पांढऱ्या कापडाखाली खुर्ची टाकून बसले. अनेझिनाला कुणी ब्रश दिला नाही आणि तिने मागितलाही नाही. ती पायरीवरच बसून राहिली, समुद्राकडे तोंड करून, हात मांडीवर. तिचे रिकामे हात मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. मला ते बरं वाटेना.

‘घरी जा, अनेझिना,’ मी म्हणालो. ‘झालं ते झालं.’

‘तू जा. मी बसते.’

दक्षिणेचा वारा सुटला होता, वाळवंटातली धूळ घेऊन येतो तो. आकाश पिवळट झालं, डोंगर आणि दगड आणि धूळ सगळं एका रंगाचं. वेदी धुऊन झाली तशी थेआनोबाई मागे सरून उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. तेवढ्यात खालून इंजिनाचा आवाज आला. टुक, टुक, टुक.

‘आला तुझा नवरा,’ मी म्हणालो.

होडी बंदराच्या तोंडासमोरून आली आणि पुढे निघून गेली. मग वळली, परत आली. थांबली. पुन्हा पुढे गेली. लिनार्दोस काही नवीन टवाळी करतोय, असं मला वाटलं. मग होडीचं नाक वळलं आणि ती हळूहळू आत यायला लागली, पण कुठून! चक्कीच्या भलत्याच बाजूने. जिथे पाणी जरासं फिकं दिसतं तिथे. थेट सासूच्या अंगावर.

अनेझिना उठली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग धावली ती साहेबांच्या डोक्यावरच्या कापडाकडे, आणि एका हिसक्यात त्याची दोरी काठीवरून ओढून काढली. कापड साहेबांच्या टकलावर पडलं.

‘अहो बाई!’ साहेब आतून ओरडले.

‘अनेझिनाबाई, आता हे काय!’ थेआनोबाई.

‘टोक धर! धर ते टोक, पोरी! भिंतीपाशी, भिंतीपाशी घ्या!’

‘पण का?’

‘अगं, दिसत नाही त्याला!’ अनेझिना किंचाळली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ‘माझ्या नवऱ्याला दिसत नाही! त्याला फक्त पांढरं दिसतं!’

थेआनोबाईंनी ब्रश टाकला आणि टोक धरलं. खणणारी माणसं चर्चच्या कठड्यावर चढली. एक टोक मी धरलं, ट्रे कुठे गेला आठवत नाही. क्लादास साहेब कापडाखालून निघाले, समोर लोंबणारं टोक बघितलं आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, एवढे मोठे सरकारी साहेब, पोट पुढे काढून. चर्चच्या खरवडलेल्या भिंतीसमोर आम्ही ते कापड ताणलं. वारा ते फुगवत होता, आम्हाला ओढत होता. अनेझिना मधोमध उभी राहून पाठीने ते भिंतीला दाबत होती आणि ओठातल्या ओठात म्हणत होती, ‘बघ रे. वर बघ, मेल्या. वर बघ.’

होडी थांबली. टुक, टुक. मग तिचं नाक सरकलं, थोडं, आणखी थोडं. लिनार्दोसने मागे घेतली, फिरवली, आणि चक्कीच्या बरोबर समोर आणली. सासू डावीकडे राहिली. होडी आत आली, निळी बाजू आमच्याकडे करून.

आम्ही सगळे धक्क्यावर उतरलो तेव्हा लिनार्दोस दोर बांधत होता. आता मी नीट बघत होतो. त्याने दोराचा खुंट डोळ्यांनी शोधला नाही, पायाने शोधला. एवढ्या वर्षांत मी दर वेळी ते दुकानातून बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

‘काय रे,’ तो ताठ उभा राहून म्हणाला, ‘आज संत पेलागिया दारू प्यायली होती का? चर्च नुसतं हलत होतं.’

कुणी हसलं नाही. इतकी माणसं आहेत हे त्याला श्वासांवरून कळलं असावं. तो जरा गोंधळला आणि मिशीवर हात फिरवून म्हणाला, ‘मला काय त्याचं. मी डोळे मिटूनसुद्धा आलो असतो.’

‘तसाच तर येतोस,’ अनेझिना म्हणाली.

लिनार्दोस खाली बसला, होडीच्या कडेवर. उरलेला दोर हातावर गुंडाळत त्याने विचारलं, ‘तुला कधीपासून माहीत आहे?’

‘तू बोकडाचा आशीर्वाद घेतलास तेव्हापासून.’

‘सगळे हसले होते गं,’ तो हळू म्हणाला. ‘म्हणून मीही हसलो.’

‘माहीत आहे.’

‘मला वाटलं, तुला कळू दिलं नाही.’

‘मला कळलंय, हे मीही तुला कळू दिलं नाही,’ अनेझिना म्हणाली, आणि माशांची टोपली उचलून घराकडे निघाली. तोही उठला आणि तिच्या बुटांच्या आवाजामागून गेला.

थेआनोबाई माझ्या बाकावर, त्या पांढऱ्या बाकावर, बराच वेळ बसल्या. ‘जाड थर,’ त्या मध्येच म्हणाल्या. ‘मी विचारत होते, गावात काय झालं होतं.’ मी कॉफी ठेवली, पाणी न घालता केलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चर्चच्या बाजूला फळ्यांची एक मोठी पाटी उभी करवली, कोऱ्या पांढऱ्या रंगाची. क्लादास साहेबांनी ‘तात्पुरती’ म्हणून परवानगी दिली. आमच्या देशात तात्पुरत्या गोष्टीएवढं टिकाऊ काही नाही, त्यामुळे ती पाटी अजून आहे आणि खणकामही चालू आहे. अनेझिना पाटीला वर्षातून तीनदा चुना देते. थेआनोबाई डबा धरतात.

पण लिनार्दोस डॉक्टरकडे जायला तयार होईना. मोतीबिंदू, पिकलेला, काढता येतो, सगळं त्याला समजावलं. त्यांची मुलगी अथेन्सजवळ पिरेयसला असते, तिने निरोपावर निरोप धाडले. शेवटी अनेझिनाने मला बोलावलं.

‘माथ्या, तू जा त्याच्याबरोबर.’

‘मी? मला बोट लागते. धक्क्यापासूनच उलट्या सुरू होतात माझ्या. तू जा की.’

‘माझ्यासमोर त्याला घाबरता येणार नाही,’ ती म्हणाली. ‘तुझ्यासमोर तो खोटं बोलेल, तू हो म्हण.’

तर मी गेलो. जाताना खालच्या मजल्यावर बादली धरून पडून राहिलो. दवाखान्यात लिनार्दोस मला रात्रंदिवस सांगत होता की तो अजिबात घाबरलेला नाही, आणि मी हो म्हणत होतो. पट्टी निघाली तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि दचकला.

‘माथ्या! तू इतका म्हातारा कधी झालास?’

‘तुझं लक्ष नव्हतं तेव्हा,’ मी म्हणालो.

परत येताना त्याने मला खाली जाऊ दिलं नाही. दंडाला धरून डेकवर उभं केलं. सीगल दिसला की सांगायचा, सीगल. लाट दिसली की सांगायचा, लाट. मी रेलिंगला चिकटून पोट सांभाळत होतो. मग आमचं बेट आलं, बोट बंदराच्या तोंडाकडे वळली, आणि लिनार्दोस एकदम गप्प झाला.

मी मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं गाव समुद्राकडून शुद्धीत बघत होतो. डोंगरावर पांढरी पाटी. तिच्या बरोबर खाली पाण्याच्या टाकीचा पांढरा कोपरा. त्याखाली विहिरीचा कठडा. मग चक्कीच्या दाराची चौकट. मग माझी तुती, फांद्या फुटतात तिथवर पांढरी, कारण त्याहून खाली माझ्या टेबलांवरची माणसं आड आली असती. मग बाक. मग धक्क्यावरचे खुंट, एकेक. आणि शेवटी त्याची होडी बांधायची कडी आणि घराची पायरी. कोंबडीला दाणे टाकत टाकत खुराड्यापर्यंत आणावं, तसा डोंगरापासून दारापर्यंत एकाखाली एक चुना. एवढी वर्षं मी त्या चुन्यावर बसून तिला वेडी म्हणत होतो. कासव तेवढं रांगेत नव्हतं. तो चुना बहुतेक खरंच उरला असेल.

लिनार्दोसने माझा दंड सोडला नाही. मला बोट लागली नाही, हेही मला नंतर आठवलं.

अनेझिना धक्क्यावर उभी होती, धुतलेला रुमाल बांधून. लिनार्दोस खाली उतरला, तिच्यापुढे उभा राहिला आणि तिच्याकडे नुसता बघत राहिला. तिला ते सहन होईना. तिने त्याची पिशवी घ्यायला हात पुढे केला. तेव्हा त्याने पिशवी खाली ठेवली आणि तिचे दोन्ही हात धरले. उलटे केले, सुलटे केले. चिरा, पांढरे पडलेले व्रण, न मिटणारी बोटं, सगळं डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

‘अगं,’ तो म्हणाला, ‘हे हातांना काय झालं?’

‘काही नाही रे,’ अनेझिना म्हणाली. ‘चुना उरला होता.’